हवेचा आकडा वाचायला शिकू या

घरात दम्याचं लेकरू असेल, तर ‘आज हवा कशी आहे?’ हा प्रश्न रोजचाच. पूर्वी याचं उत्तर तज्ज्ञांच्या अहवालात दडलेलं असायचं. एका घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम धूळ, किती वायू, अशी कोष्टकं. त्यातून आईला काय कळणार?

२०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजेच ‘एक्यूआय’, सुरू झाला. सूत्र सोपं होतं: एक आकडा, एक रंग, एक वर्णन. त्यासाठी आठ प्रदूषक धरले जातात. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम. त्यापुढे खराब (नारिंगी), ३०० नंतर अति खराब (लाल) आणि ४०० नंतर गंभीर.

लक्षात ठेवा, हा आकडा सगळ्या प्रदूषकांची सरासरी नाही. जो प्रदूषक सर्वांत वाईट, त्याचाच आकडा दिसतो. धुळीसाठी मात्र २४ तासांची सरासरी धरतात. म्हणून गल्लीत आत्ता कचरा जळत असेल, तर तो धूर आकड्यात लगेच दिसेलच असं नाही. तिथे आपलं नाकच खरं!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हा आकडा मोफत दिसतो. रंग नारिंगी झाला, की मुलांचा मैदानी खेळ आणि आजी-आजोबांचं फिरणं कमी करा. आणि वॉर्ड ऑफिसला कचरा जाळण्याची तक्रार द्याल, तेव्हा तारखेसह आकडा लिहा. ‘फार धूर होतो’ एवढ्यावर टाळाटाळ होते; आकडा टाळणं अवघड असतं.