नुसत्या एकांची संख्या

साखरशेत, जव्हार, मोखाडा ही गावं ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यातल्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांचा ध्यास घेतला. डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेमलो स्थानकात सुचल्या म्हणून काही संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ नाव दिलं.

नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग हे त्यांतलेच. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला मात्र हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. आता गुणाकार बाजूला ठेवून तोच डोंगर हातानं रचा, शिखरावर १० ठेवा: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हा वर्ग नाही, पण ही वीस अंकी संख्या चक्क मूळ संख्या आहे! एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही निःशेष भाग जात नाही. मला तर ही गोष्ट वर्गाहूनही सुंदर वाटते.

नुसते एक मांडून मूळ संख्या मिळते का? ११ मिळते. पण १११ म्हणजे ३ × ३७ आणि ११११ म्हणजे ११ × १०१. एक किती मांडले तो आकडाच विभाज्य असेल, तर आशा सोडावी. तो आकडा मूळ असला तरी खात्री नाहीच. २ नंतर थेट १९ एकांना यश येतं, मग २३, ३१७ आणि १०३१. पुढची ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी असं १९९९ मध्ये दिसलं, पण ते सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडलं.

संगणकाच्या द्विमान पद्धतीत हाच खेळ आणखी पुढे जातो. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. द्विमानात लिहिली तर ती म्हणजे ओळीनं १३,६२,७९,८४१ एक, मध्ये एकही शून्य नाही! ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतल्या २४ डेटा सेंटर विभागांतले संगणक जुंपले होते.

आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत तिचे अंक ४,१०,२४,३२०. सेकंदाला एक अंक लिहीत, न जेवता न झोपता बसलं, तर जवळपास ४७५ दिवस लागतील. अंकाला पाच मिलिमीटर जागा दिली, तर ओळ २०५ किलोमीटर होईल: साखरशेतहून मोखाडा, त्र्यंबकमार्गे नाशिक गाठून परत आलं, तरी अंक शिल्लक राहतील.

युक्लिडनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं, की मूळ संख्यांना अंत नाही. म्हणजे या विक्रमी संख्येहून मोठी मूळ संख्या आहेच, फक्त ती शोधायची आहे. जव्हार-मोखाड्यातल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे: उद्या फळ्यावर १११ × १११ लिहा, पोरांना पुढचे एक स्वतः वाढवू द्या, आणि हा खेळ मांडणारे कापरेकर आपल्याच जिल्ह्यातले, हेही त्यांना सांगा.