दिव्यांग प्रमाणपत्र : मुलाचा दिवस कसा सांगावा?



दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपण आधार, फोटो, जुने रिपोर्ट अशी सगळी फाईल तयार करतो. 1 जून 2021 पासून अर्जही स्वावलंबन पोर्टलवरूनच होतो. तेही आपण भरून देतो. पण तपासणीत डॉक्टर विचारतात, "हा घरी काय काय करतो?" आणि आई सांगून टाकते, "सगळं करते जी तो." या प्रश्नाची तयारी मात्र कोणीच करून घेत नाही.

हे उत्तर एवढं महत्त्वाचं का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. नजर किंवा ऐकणं तपासणीतून मोजता येतं. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांत मात्र मूल रोज कसं जगतं, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यंकाबरोबर वाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी वापरतात. तिचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी केलं, म्हणजे आपल्या विदर्भातच. जेवण, कपडे, बोलणं, चालणं-फिरणं, इतरांत मिसळणं अशा गोष्टी त्यात विचारतात. स्वमग्नतेच्या भारतीय मापनीत अशा 40 बाबी आहेत.

दिव्यांगत्व किमान 40 टक्के ठरलं, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. संजय गांधी निराधार योजनेलाही, उत्पन्नाची अट पाळून, अर्ज करता येतो. उत्तर अर्धवट राहिलं, तर मूल या रेषेच्या खाली राहू शकतं.

आई असं का सांगते?

चारचौघांत आपल्या लेकराचं उणं सांगणं जिवावर येतं, हे एक कारण. दुसरं कारण सवयीचं. समजा, 10 वर्षांचा मुलगा आहे. "जेवतो का?" "हो." पण भाकरी वरणात कुस्करून आई देते, घास गिळला का ते पाहते आणि तो मध्येच उठला की परत बसवते. आठ-दहा वर्षं रोज केल्यावर तिला ही मदत वाटतच नाही. म्हणून ती सांगतही नाही.

मग काय करायचं?

तपासणीच्या आधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. आईला लिहिणं जमत नसेल, तर ती सांगेल आणि आपण लिहू.

1. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतची कामं ओळीने लिहा : संडास, दात घासणं, अंघोळ, कपडे, जेवण, शाळा, खेळ, झोप.

2. प्रत्येक कामापुढे यातलं एक लिहा : स्वतः करतो / सांगावं लागतं / हात लावावा लागतो / आपणच करतो.

3. "कधी कधी" असं लिहू नका, आकडा लिहा. "कपडे ओले करतो" याऐवजी "या आठवड्यात दिवसा चार वेळा ओले केले."

4. चांगला दिवस लिहा, वाईट दिवसही लिहा. तपासणीच्या दिवशी मूल शांत बसलं, तर बाकीचे दिवस वहीतूनच कळतील.

5. धोका आणि घरच्यांवरचा भार लिहा. एकटा सोडला तर रस्त्यावर धावतो का? सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत त्याच्यापाशी थांबायला कोणाचा रोज बुडतो?

6. वर्गात काय दिसतं, हे शिक्षकांनी वेगळ्या पानावर लिहावं. "अभ्यासात मागे आहे" एवढ्याने काही कळत नाही. "दोन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच पाळतो" असं लिहिलं की चित्र उभं राहतं.

वाढवून सांगू नका

"थोडं जास्तच सांगा" असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. डॉक्टर मुलाला स्वतः पाहतात, चाचण्या घेतात, त्यामुळे फुगवलेलं उघडं पडतं. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला, तर याच कायद्याच्या कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मूल जे स्वतः करतं, तेही लिहायलाच हवं. पुढे त्याला काय शिकवायचं, ते त्यावरूनच ठरेल.

आणखी एक. मूल समोर बसलेलं असताना "याला काही येत नाही" असं बोलू नका. त्याला कळतं. वही डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे बरंचसं मोठ्याने सांगावंच लागणार नाही. वहीची एक प्रत घरी ठेवा. निर्णय पटला नाही तर कायद्याने अपील करता येतं, तेव्हाही ती उपयोगी पडेल.

संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात यायचं म्हणजे मजुरी करणाऱ्या आई-बापाचा अख्खा दिवस जातो. तो दिवस वाया जाऊ नये, म्हणून आपल्या वर्गातल्या अशा एका तरी मुलाची वही या आठवड्यात सुरू करा.