लॅब्रॅडॉर कुत्र्याची ठेवण

माळावर सशामागे धावणारा आपला कारवान कुत्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि अंगावर अगदी आखूड केस. दख्खनच्या मोकळ्या रानात पळण्यासाठीच ते शरीर घडले आहे. पण अलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींत आणि कुठे कुठे शेतवस्तीवरही एक निराळा कुत्रा दिसतो. रुंद डोक्याचा, पडलेल्या कानांचा, भरल्या अंगाचा लॅब्रॅडॉर. त्याचे शरीर कोणत्या कामासाठी घडले, हे कळल्यावाचून तो नीट सांभाळता यायचा नाही.

नाव लॅब्रॅडॉर असले, तरी त्याचे मूळ ठिकाण कॅनडाच्या पूर्वेचे न्यूफाउंडलंड बेट. तेथील कोळ्यांचे कुत्रे गारठलेल्या समुद्रात उड्या घेऊन निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणीत. १९व्या शतकात हे कुत्रे इंग्लंडात गेले. तेथील जमीनदारांनी त्यांना शिकारीत पडलेला पक्षी न फाडता, अलगद तोंडात धरून आणायला शिकवले. अशा आणून देणाऱ्या कुत्र्यांना रिट्रीव्हर म्हणतात. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

आता त्याचे अंग बघा. केस दुहेरी असतात. आत मऊ, दाट थर आणि वर आखूड, राठ केस. त्यामुळे पाणी सहसा कातडीपर्यंत पोचत नाही. शेपूट बुडाशी जाड व टोकाला निमुळती, पाणमांजरासारखी. पोहताना ती सुकाणूचे काम करते. बोटांच्या बेचक्यांत कातडीचा पातळ पडदा असतो, तो वल्ह्यासारखा उपयोगी पडतो.

मान्य रंग तीनच: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्ले होऊ शकतात. पिवळ्यातही फिक्या सायीपासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंत छटा असतात. तेव्हा ‘पांढऱ्याची जातच वेगळी’ असे सांगून कोणी जादा पैसे मागू लागला, तर भुलू नये.

या जातीत दोन घडणी मात्र दिसतात. इंग्लिश म्हणतात तो बुटका, रुंद डोक्याचा, जाड शेपटीचा. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे नराची उंची खांद्याशी २२ ते साडेबावीस इंच. अमेरिकन म्हणतात तो उंच, सडपातळ, लांब पायांचा. अमेरिकेच्या नियमात नर साडेचोवीस इंचांपर्यंत चालतो. नावे देशांची असली, तरी खरा भेद कामाचा आहे. पहिला प्रदर्शनासाठी जोपासला गेला, दुसरा शिकारीच्या कामासाठी. आणि दोन्ही देशांत दोन्ही घडणी सापडतात.

त्याचे तीक्ष्ण नाक आणि शिकण्याची आवड यांमुळे पुढे पोलिसांनीही त्याला जवळ केले. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकातला ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉरच. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याने दडवलेली स्फोटके हुडकून काढली आणि कितीतरी जीव वाचले. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला.

असा गुणी कुत्रा आपल्याकडे आजारी का पडतो? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीराची उष्णता बाहेर घालवतो. त्यात मराठवाड्यातला मे महिना! पत्र्याच्या शेडखाली दुपारी बांधलेला लॅब्रॅडॉर उष्माघाताने दगावू शकतो. त्याला सावली, वारा आणि भरपूर पाणी हवे. फिरवणे ते पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. केस मुळापासून भादरू नयेत. ते उन्हापासूनही कातडी राखतात. रोज विंचरून सुटलेले केस काढले म्हणजे पुरे.

दुसरी गोष्ट खाण्याची. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की तपासलेल्या लॅब्रॅडॉरांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अधिक हावरे व वजनदार असतात. म्हणून तो केविलवाणे बघतो म्हणून भाकरी टाकीत राहणे ही माया नव्हे. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

सावली, पाणी आणि रोज फिरवायला माणूस, एवढे घरी असेल तरच हे पिल्लू आणावे. नसेल, तर आपल्या हवेत मुरलेला गावठी कुत्रा काय वाईट आहे?