हिरवा हायड्रोजन : खरा खेळ युनिटचा!

पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस आपण सगळे शाळेत शिकलो. पाण्यात वीज सोडली की एका इलेक्ट्रोडवर हायड्रोजन, दुसऱ्यावर ऑक्सिजन. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर हा हायड्रोजन ‘हिरवा’. इतकं सोपं आहे, तर खत कारखाने तो अजून नैसर्गिक वायूपासूनच का बनवतात?

उत्तर एका शब्दात : लाइटबिल!

मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. सेल १.४८ व्होल्टवर चालला तर १ किलो हायड्रोजनला ३९.४ युनिट लागतात. पण ऑक्सिजनची रिॲक्शन मंद, बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटतात, द्रावणाचा रेझिस्टन्स वेगळाच. त्यामुळे प्रत्यक्षात १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. पंप वगैरे धरून खर्च सुमारे ५५ युनिट. युनिट ५ रुपयांना धरलं तर नुसत्या विजेचे २७५ रुपये! म्हणून जगभर चांगल्या कॅटॅलिस्टचा शोध चालू आहे. सेलचा ०.१ व्होल्ट वाचला, की किलोमागे सुमारे २.७ युनिट वाचतात.

पाण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. किलोला रिॲक्शनमध्ये फक्त ९ लिटर जातं. शुद्धीकरणात थोडं अजून जातं, पण आपली आंघोळीची बादली त्याहून मोठी असते!

मग सरळ ग्रिडची वीज घ्यावी का? इथेच फसगत होते. आपली ग्रिड मुख्यतः कोळशावर चालते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ५५ युनिटला ३८ किलो. नैसर्गिक वायूच्या पद्धतीत तो ९-१० किलोच निघतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘हिरव्या’ची मर्यादा २ किलो ठरवली आहे. आणि फक्त सोलरवर चालवलं तर महागडं मशीन रात्रभर बंद.

हे आपल्या देशाने आधी अनुभवलंय. १९६० च्या दशकात पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर हायड्रोजन करून खत बनायचं. पुढे विजेला इतर गिऱ्हाइकं वाढली, आणि तिथे आधी फर्नेस ऑइल व नंतर नैसर्गिक वायू आला. जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेल्या महाराष्ट्राच्या ८,५६२ कोटींच्या धोरणातही वीज वाहून नेण्याच्या शुल्कात सवलत आहे, ती उगाच नाही.

आता आपल्या मोरिवलीकडे या. मला वाटतं, हिरवा हायड्रोजन मोठ्या खत कारखान्याच्या आधी अशा एमआयडीसीतल्या छोट्या युनिटला परवडेल. कारण छोटं गिऱ्हाईक हायड्रोजन सिलिंडरने घेतं. पन्नासेक किलोच्या लोखंडी सिलिंडरमध्ये गॅस मावतो जेमतेम अर्धा किलो! म्हणजे आपण भाडं भरतो ते लोखंडाचं. रोज १० किलो जागेवर बनवायला साधारण १४० किलोवॉटची सोलर पॅनेल्स पुरतील, ती मोठ्या शेडच्या पत्र्यावर मावतात. वर ८० किलो ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच. पावसाळ्यात मात्र सिलिंडर लागतीलच. आणि हायड्रोजन पटकन पेट घेतो, त्यामुळे छताला मोकळी हवा आणि लीक डिटेक्टर हवेच. आजूबाजूला माणसं राहतात, तिथे काटकसर नको.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्ट शोधताय ना? एखाद्या कंपनीचं सिलिंडरचं बिल मागून घ्या, आणि हा हिशोब खऱ्या आकड्यांनी करून बघा!