साखरेची लस आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

परभणी, जिंतूर, गंगाखेड. जिल्ह्यात कुठेही लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याच्या बाळाला उजव्या मांडीवर पीसीव्हीचं इंजेक्शन मोफत मिळतं. न्यूमोकोकस जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनिया आणि मेंदूज्वरावरची ही लस त्या जिवाणूच्या आवरणातल्या साखरेपासून बनते. हे ऐकलं की पहिली शंका येते मधुमेहाची.

ती सोडून द्यावी. ही चहातली साखर नव्हे. शर्करेच्या लांब साखळ्यांचं हे आवरण जिवाणूला पांढऱ्या पेशींपासून वाचवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या पीसीव्ही लसीत दहा प्रकारच्या जिवाणूंची साखर आहे. ती सगळी मिळून २२ मायक्रोग्रॅम भरते. एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भागही नाही. लसीत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे लसीनेच न्यूमोनिया होण्याचा प्रश्नच येत नाही.

जिवाणूची साखर काढून टोचली की लस तयार, असंही अनेकांना वाटतं. प्रौढांत ते काही प्रमाणात चालतं, पण दोन वर्षांखालच्या बाळांत नाही, आणि त्यांना तर धोका मोठा. प्रतिकारशक्तीला दीर्घकाळ स्मरण देणाऱ्या टी-पेशी प्रथिनं ओळखतात, नुसती साखर ओळखत नाहीत. मग साखर प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली तर? ओस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नेमकं तेच केलं. अशा रीतीने बाळांचं रक्षण करणारी लस मात्र १९८० च्या दशकाअखेर आली, ती हिब जिवाणूवरची. बाळाच्या डाव्या मांडीवर जी पेंटाव्हॅलंट टोचतात, तिच्यात हीच हिबची साखर आहे.

‘फुकटची लस दुय्यम असते’ हे बोलणं मला सर्वांत जास्त खटकतं. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी थांबवण्यासाठी अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची लस हवी होती. ती पुण्यात सीरमने बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून या मेनआफ्रिव्हॅक लसीची मोहीम सुरू झाली आणि तिथला ‘ए’ प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला. न्यूमोसिललाही जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता आहे. किंमत कमी ठेवणं हेच इथे विज्ञानाचं मोठं यश आहे.

याउलट, लस झाली म्हणजे आता न्यूमोनिया होणारच नाही, असं मानणंही धोक्याचं. न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि कित्येक न्यूमोनिया विषाणूंमुळे होतात. टायफॉइडचंही तसंच: २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने साखर-प्रथिन जोडलेली लस मुलांना दिली, सार्वजनिक कार्यक्रमात जगात प्रथमच. पण टायफॉइडसारख्याच पॅराटायफॉइड ‘ए’च्या जंतूवर लसीतली ती साखरच नसते, म्हणून त्याच्यावर ही लस चालत नाही. लस झाली तरी पाणी शुद्ध हवंच.

लस झालेल्या बाळाचाही श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर दवाखाना लगेच गाठा. पीसीव्हीचे डोस तीन: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर बूस्टर. घरातल्या बाळाचं लसीकरण कार्ड आजच काढून बघा. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा आणि पुढच्या सत्राला बाळाला घेऊन जा.