उजवीकडचा दुसरा अक्ष

मुंबईचा महिनावार पाऊस आणि तापमान एकाच आलेखात काढून पाहा. सांताक्रूझला जुलैचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या वर. सरासरी तापमान मात्र वर्षभर पंचवीस-तीस अंशांच्या आसपास. एकाच मापावर तापमानाची रेषा तळाला चिकटते, जानेवारी आणि मेमधला फरक दिसतच नाही.

एक्सेलमध्ये त्या रेषेवर राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट डेटा सिरीज’ उघडा, ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’ निवडा. गुगल शीट्समध्ये हीच सोय ‘कस्टमाइझ’मधल्या ‘सिरीज’खाली आहे. पाऊस स्तंभांत, तापमान रेषेत ठेवा आणि दोन्ही अक्षांवर एकक लिहाच.

खरी जोखीम यापुढे. उजव्या अक्षाची कमाल मर्यादा ४० ऐवजी ६० केली की रेषा खाली येते, आकडे तेच. म्हणून रेषा स्तंभांना कुठे छेदते याला काहीच अर्थ नसतो, तरी वाचकाची नजर नेमकी तिथेच जाते. हवामानाच्या वाल्टर-लीथ आकृतीत मात्र प्रमाण आधीच बांधलेलं असतं : १० अंशांसमोर २० मिलिमीटर. तिथे पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली, की तो काळ कोरडा मानतात.