अ‍ॅस्पेक्टजे : आडव्या धाग्याचा कंपायलर

संगणकाची मोठी आज्ञावली आपण विषयवार तोडून लिहितो. खाते एका फाईलीत, व्याज दुसरीत, पावती तिसरीत. परंतु काही कामे कोणत्याच एका फाईलीत मावत नाहीत. व्यवहाराची नोंद ठेवणे, अधिकार तपासणे, लागलेला वेळ मोजणे ही ती कामे. त्यांच्या त्याच त्या ओळी मग सगळीकडे विखुरतात. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेगर किक्झालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली यावर उपाय मांडला. असा आडवा विषय वेगळा लिहावा आणि तो योग्य जागी विणण्याचे काम कंपायलरवर सोपवावे. या वेगळ्या घटकाला ‘अ‍ॅस्पेक्ट’ म्हणतात. जावा भाषेसाठी याच गटाने केलेला कंपायलर म्हणजे अ‍ॅस्पेक्टजे. २००२ च्या अखेरीस तो एक्लिप्स प्रकल्पाकडे गेला. आजही तो विनामूल्य मिळतो.

बसवणे अवघड नाही. जावा आधी हवीच. उतरवून घेतलेली जार फाईल चालवली की ती जावाचे ठिकाण आणि बसवण्याची जागा विचारते. नंतर ‘एजेसी’ ही आज्ञा सापडावी म्हणून तिचा फोल्डर पाथमध्ये आणि ‘अ‍ॅस्पेक्टजेआरटी’ ही लहानशी जार फाईल क्लासपाथमध्ये घालायची. ही दुसरी फाईल पुष्कळांकडून राहून जाते, आणि मग एजेसी तक्रार करते.

प्रयोगासाठी मी ‘खाते’ नावाचा क्लास लिहिला. त्यात ‘भरणे’ व ‘काढणे’ अशा दोन मेथड. नोंदीची एकही ओळ नाही. अ‍ॅस्पेक्ट शेजारच्या फाईलीत : भरणे किंवा काढणे सुरू होण्याआधी मेथडचे नाव छापावे. यातल्या ‘कुठे’ या भागाला पॉइंटकट म्हणतात, ‘काय’ या भागाला अ‍ॅडव्हाइस. दोन्ही फायली एजेसीला दिल्या, निघालेल्या क्लास फायली नेहमीच्या जावावर चालवल्या, आणि प्रत्येक व्यवहाराआधी नोंद उमटली. हे घडते कसे? ‘जावापी’ या साधनाने ‘खाते’ची क्लास फाईल उघडून पाहिली, तर दोन्ही मेथडच्या आरंभी अ‍ॅस्पेक्टला बोलावणाऱ्या, मी न लिहिलेल्या सूचना बसलेल्या होत्या. विणकाम म्हणतात ते हेच.

मग मुद्दाम ‘काढणे’चे नाव बदलून ‘उचल’ केले; अ‍ॅस्पेक्टला हात लावला नाही. एजेसीने चकार शब्द काढला नाही. पैसे निघाले, पण नोंद फक्त भरण्याची झाली! अ‍ॅडव्हाइस कुठेच लागू पडला नाही तर एजेसी इशारा देते. येथे तो एका जागी लागू होता, म्हणून तेही नाही. आणि ‘खाते’ची फाईल वाचणाऱ्याला येथे नोंद व्हायला हवी होती हे कळावे तरी कशावरून? वेळ मोजण्याचे काम असे खुशाल विणावे. पतपेढीच्या हिशेबाची नोंद केवळ नावांच्या भरवशावर विणायला मी तरी तयार नाही.

एक तोडगा आहे. नावाऐवजी मेथडवर लावलेली खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन, पॉइंटकटने ओळखायची. तसे केल्यावर ‘उचल’चीही नोंद झाली. मात्र उद्या कोणी तिसरी मेथड लिहिली तर तिच्यावर ती खूण लावण्याचे त्याला आठवले पाहिजे. एजेसी आठवण करून देत नाही.